अन्नाचा शिधा आणि बालकाचा हक्क

इ. स. १८७७ च्या आरंभी दक्खनमध्ये दुष्काळाने हाहाकार माजविला असता, हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून नेमलेले सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवर खपणाऱ्या पुरुषाचा रोजमुरा एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणून ठेवला. एवढ्या अन्नावर कष्ट करणारा देह तग धरू शकत नाही, असे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी लेखी कळविले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जांमागून अर्ज धाडले. आणि मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे टाकून घरची वाट धरली. त्या वादाची कागदपत्रे आज वाचताना एक गोष्ट विशेष जाणवते. दोन्ही पक्ष औंसांचा आणि पौंडांचा काथ्याकूट करीत होते. उपाशी माणसाला ते अन्न मागण्याचा काही अधिकार आहे की नाही, हा मूळ प्रश्न फारसा कोणी पुढे आणीत नव्हता.

तो प्रश्न पुढे आणला तो सरकारनेच, आणि त्याचे उत्तरही सरकारनेच देऊन टाकले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आपल्या अहवालात अशी धास्ती व्यक्त केली, की दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांचा हक्क एकदा मान्य केला, तर तो सुकाळातही मान्य करावा लागेल, आणि मग सरकारच्या तिजोरीस धरबंध राहणार नाही. त्यानंतर इलाख्याइलाख्यांतून दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत मामलेदारांनी कोणत्या लक्षणांवरून टंचाई ओळखावी, कामे केव्हा उघडावीत, मजुरांच्या पोराबाळांस किती भत्ता द्यावा, हे सारे बारकाईने लिहिले गेले. मात्र ही सर्व कर्तव्ये अंमलदाराची वरिष्ठांप्रत होती. भत्ता न मिळालेल्या मुलाच्या बापाने दाद मागावी अशी जागा त्या संहितांत कोठेही नव्हती.

बालकाच्या बाजूने हा प्रश्न जगापुढे मांडण्याचे श्रेय एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंकडे जाते. पहिले महायुद्ध थांबल्यावरही दोस्तराष्ट्रांनी शत्रुदेशांची नाकेबंदी चालूच ठेवली होती, आणि तिच्या पायी ऑस्ट्रिया-जर्मनीतील मुले अन्नावाचून कृश होत होती. त्या मुलांची छायाचित्रे छापलेली पत्रके बाईंनी १९१९ साली लंडनमध्ये वाटली, त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि पाच पौंड दंडही झाला. शत्रूच्या मुलालाही भूक लागते, आणि ती भागविणे हे मनुष्यजातीचे कर्तव्य आहे, ही त्यांची साधी परंतु त्या काळी अत्यंत अप्रिय भूमिका होती. त्यांनी लिहिलेली पाच कलमांची सनद १९२४ साली राष्ट्रसंघाने स्वीकारली. पुढे १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आला, आणि १९८९ साली बालहक्कांची संहिता आली. तिच्या चोविसाव्या कलमात रोग आणि कुपोषण यांचे निवारण, पौष्टिक अन्न, शुद्ध पाणी, मातांची काळजी आणि स्तनपानाविषयीचे ज्ञान ही सर्व बालकाच्या आरोग्याच्या एकाच हक्काची अंगे म्हणून एकत्र गुंफली आहेत. भारताने १९९२ च्या डिसेंबरात या संहितेवर आपली मोहोर उमटविली खरी, तथापि आर्थिक व सामाजिक हक्कांची अंमलबजावणी क्रमाक्रमाने आणि उपलब्ध साधनांच्या मर्यादेतच होऊ शकेल, अशी पुस्ती जोडूनच.

ही सावधगिरी आपल्या संविधानातच होती. अनुच्छेद ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून सांगितले आणि अनुच्छेद ३७ ने तेच कर्तव्य न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. जवळजवळ अर्धशतक हे कलम एखाद्या देवघरातल्या मूर्तीप्रमाणे पूज्य आणि निरुपद्रवी राहिले.

त्याला व्यवहाराच्या चव्हाट्यावर आणणारी घटना २००१ सालची. राजस्थानात लागोपाठ अवर्षणाची वर्षे गेली होती, खेड्यांतून लोक उपासमारीने खंगत होते, आणि त्याच वेळी देशभरातील सरकारी कोठारांत गहू-तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर भिजत होत्या. त्या वर्षाच्या मध्यास हा साठा सुमारे सहा कोटी टनांपर्यंत गेला. इतके धान्य सरकारच्या ताब्यात असताना माणूस भुकेने मरत असेल, तर जीविताचे रक्षण करणारा अनुच्छेद २१ कशासाठी आहे, असा सवाल करणारा अर्ज पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गुदरला. न्यायालयाने अंतिम निकालाची वाट न पाहता एकामागून एक अंतरिम हुकूम काढले, आणि ते पुढे कित्येक वर्षे निघतच राहिले. २८ नोव्हेंबर २००१ च्या हुकुमाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास वर्षातून निदान २०० दिवस शिजविलेले अन्न, आणि त्यात निदान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, देण्यास सर्व राज्यांना फर्मावले. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलापर्यंत आणि प्रत्येक वस्तीपर्यंत अंगणवाडी पोहोचली पाहिजे, असेही त्यात म्हटले. हुकुमांची तामिली होते की नाही हे पाहण्यासाठी न्यायालयाने स्वतःचे आयुक्त नेमले. त्यांतील डॉ. एन. सी. सक्सेना आणि एस. आर. शंकरन हे दोघेही सनदी सेवेत आयुष्य घालविलेले गृहस्थ असल्यामुळे, खोटी विवरणपत्रे कशी तयार होतात याचे ज्ञान त्यांना वेगळे मिळवावे लागले नाही.

शाळेत मुलांना जेवू घालण्याची कल्पना २००१ साली नवी नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० च्या सुमारास ती चालविली होती. कामराजांनी १९५० च्या दशकात आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ साली तिचा मोठा विस्तार केला. केंद्राची योजना १९९५ पासून होती, मात्र बहुतेक राज्यांत तिच्या नावाने मुलांच्या हाती महिन्याकाठी कच्च्या धान्याची पुडकी पडत. अंगणवाडी तर १९७५ पासूनची. म्हणजे अन्न, योजना, कर्मचारी सर्व काही आधीपासून होते. फक्त एखाद्या गावात ते पोहोचले नाही तर ती गोष्ट दुर्दैवात जमा होई. न्यायालयाच्या हुकुमांनंतर तेच न पोहोचणे कसूर ठरले, आणि कसूर झाली की कसूरवार शोधता येतो. माझ्या मते हक्काची सारी मातब्बरी या एका फरकात आहे. दात्याच्या मनात किती करुणा आहे याच्याशी तिचा संबंध नाही. करुणेचा ओघ आटला तरी ताटात अन्न पडत राहावे, याचसाठी तर कायदा करावयाचा असतो.

तो कायदा २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम या नावाने झाला. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलास अंगणवाडीतून, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलास शाळेतून, आणि गर्भवती व स्तनदा मातेस अंगणवाडीतून विनामूल्य आहार हे आता कायदेशीर देणे झाले. मूळ परिशिष्टात लहानग्यांसाठी रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित मुलासाठी ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण घातले गेले. आहार न मिळाल्यास भत्ता मागण्याची तरतूद आहे, जिल्ह्याजिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आहे, आणि त्याने सुचविलेले निवारण विनाकारण न करणाऱ्या अंमलदारास पाच हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. परंतु ज्या हाताने हे लिहिले, त्याच हाताने ४४ वे कलमही लिहिले. युद्ध, पूर, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि अवर्षण यांमुळे पुरवठा विस्कळीत झाला तर सरकार उत्तरदायी नाही, असे ते म्हणते. ज्या संकटात भूक सर्वांत अधिक, त्याच संकटात दायित्वातून सुटका, हा न्याय मला तरी आजवर उमगलेला नाही. सुदैवाने २०१६ साली, मराठवाड्यासह देशाचा मोठा भाग कोरड्या दुष्काळाने होरपळत असता, सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेने पाऊल टाकले: दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेतले जेवण चालू ठेवावे, त्यासोबत अंडे, दूध वा तत्सम पौष्टिक पदार्थ द्यावा, आणि पैशाची चणचण ही सबब सांगू नये, असे त्याने राज्यांना बजावले.

याहून खोल दोष मला कायद्याच्या रचनेत दिसतो, आणि तो समजण्यासाठी बालकाच्या शरीरात अन्नाचे काय होते, हे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे.

अर्भकाचे पोट लहान आणि वाढीचा वेग प्रचंड असतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाने सर्व गरजा भागतात. त्यानंतर दुधाच्या जोडीला मऊ, घट्ट, स्निग्ध असे अन्न दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. पातळ पेजेने पोट भरते, पण अंगी लागत नाही. याच वयात मूल रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि पाणी अशुद्ध असेल तर वारंवार अतिसाराने बेजार होते. अतिसारात खाल्लेले अन्न शोषले जात नाही, भूक मंदावते, ताप असलेले पोषणही जाळून टाकतो. अशक्त झालेले शरीर पुढच्या रोगाला सहज बळी पडते, आणि प्रत्येक आजारागणिक मूल मागच्यापेक्षा थोडे अधिक खाली घसरते. सतत अपुऱ्या पोषणाने उंची खुंटते. थोड्या काळात झालेल्या तीव्र ऱ्हासाने मूल कृश होते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे हजार दिवसांत उंचीचे आणि मेंदूचे जे नुकसान होते, त्याची भरपाई पुढे शाळेतल्या खिचडीने फारशी होत नाही. जगातील पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी अपपोषण असते, असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. तरीही मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिलेले असते, आणि विधिमंडळात मंत्रिमहोदय, एकही मूल भुकेने मेले नाही, असे सांगून खाली बसतात. कागदाच्या दृष्टीने ते खरेही असते.

ज्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरतो, त्याला तीव्र कुपोषित म्हणतात. असे मूल आजारी पडले की कित्येकदा रडणे सोडते आणि खाण्यावरून तोंड फिरवते. त्याला एकदम भरपूर अन्न देणे घातक ठरू शकते. प्रथम ऊब, साखर, प्रतिजैविके आणि दर दोन तासांनी मोजके पातळ खाद्य देऊन त्याचे शरीर सावरावे लागते आणि मग हळूहळू आहार वाढवावा लागतो. म्हणजे भुकेच्या या टोकाला अन्नाचा हक्क हा इस्पितळाचा हक्क होऊन जातो. आईला मूल घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे राहावे लागते. घरी दुसरी मुले असतात, पेरणीचे दिवस असतात, आणि तिला बुडीत मजुरी मिळते की नाही यावरच मूल पुरते दिवस उपचार घेते की आई मध्येच गाठोडे बांधते, हे बऱ्याचदा ठरते.

या सगळ्याचा आरंभ मुलाच्या जन्मापूर्वी होतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि २० ते २४ वयाच्या विवाहित व अविवाहित मिळून २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेली होती. ज्या मुलीची स्वतःची वाढ संपलेली नाही, तिच्या उदरातल्या गर्भाला अंगणवाडीतला लाडू कितीसा पुरणार?

निसर्गाने असे एकजीव करून ठेवलेले हे प्रकरण २०१३ च्या कायद्याने मधोमध चिरले. शिजविलेला आहार आणि घरपोच शिधा दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे देण्याच्या बाजूस गेला. शुद्ध पाणी, मलनिःसारण, आरोग्यसेवा आणि किशोरवयीन मुलींचे पोषण ही सर्व तिसऱ्या परिशिष्टात गेली, जेथे सरकारने क्रमशः प्रयत्नशील राहावे एवढेच म्हटले आहे. उष्मांक मोजता येतात, तराजूत घालता येतात, लेखापरीक्षकाला दाखविता येतात. त्यामुळे ते हक्काच्या पदवीस पोहोचले. डॉक्टर, परिचारिका आणि नळ मात्र मनीषेच्या पातळीवर राहिले.

आरोग्याची बाजू हाती घेतल्यास काय होऊ शकते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतल्या अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, बाळंतघरी जाऊन अर्भकाचे वजन घेणे, त्याला उबेत ठेवणे, स्तनपानास मदत करणे, जंतुदोष ओळखून औषध देणे हे त्यांना शिकविले, आणि तीन वर्षांत तेथील नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले, पुढे देशभरातील आशा कार्यकर्तींच्या कामात ही पद्धत आली. धान्याचे एकही वाढीव पोते त्यात नव्हते.

महाराष्ट्राची स्थिती एरवी चमत्कारिक आहे. जव्हारातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची वार्ता १९९२ साली आली, पाठोपाठ मेळघाटातील कोरकूंच्या मुलांची आली, आणि तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयापुढे मेळघाटाची दप्तरे पुनःपुन्हा उघडली जात आहेत. राज्याने २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन उभारले, हजार दिवसांवर लक्ष केंद्रित केले, आणि २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालील उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आलेले दिसले, तेव्हा त्याचे कौतुक परदेशांतही झाले. त्यानंतर मात्र घोडे अडले. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण २०१५–१६ मध्ये ३४.४ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये ३५.२ टक्के झाले; कृश मुलांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्केच, म्हणजे देशाच्या १९.३ टक्के या सरासरीहून बरेच अधिक. दरडोई उत्पन्नात अग्रेसर म्हणविणाऱ्या राज्याने या आकड्यापाशी अंमळ थबकावयास हवे होते.

यातला मोठा वाटा तीन वर्षांखालील मुलांचा आहे. अंगणवाडीत बसून गरम ताजे अन्न खाण्याचे त्यांचे वय नसते. त्यांच्या नावाने घरपोच आहाराची पाकिटे जातात, आणि घरात ती सर्वांत वाटली जातात किंवा चवीला न पटल्याने बाजूला पडतात. २००४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने या पुरवठ्यातून कंत्राटदार वगळा आणि काम बचत गटांना द्या असे फर्मावले होते. तरी आपल्या राज्यातील निविदांच्या अटी खऱ्या महिला गटांना बाहेर ठेवणाऱ्या असल्यामुळे २०१९ साली त्याच न्यायालयाला त्या रद्द कराव्या लागल्या. शिवाय पाकीट उत्तम असले तरी ते मुलाला दिवसातून पाच वेळा भरविणार कोण, हा प्रश्न उरतोच. आई दिवसभर शेतावर किंवा रानात असते, आणि मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पाळणाघराला या कायद्यात स्थान नाही.

आणि ज्या अंगणवाडी सेविकेच्या हातून हा सारा हक्क अखेर मुलाच्या तोंडी पडावयाचा, तिला पगार नसतो, मानधन असते. आपल्याला उपदान मिळावे म्हणून या स्त्रियांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०२२ साली न्यायालयाने ते मान्य करताना, २०१३ च्या कायद्याने अंगणवाडीवर वैधानिक कर्तव्ये सोपविली आहेत, याची आवर्जून नोंद घेतली.

उरतो तो स्थलांतराचा पेच. दिवाळी आटोपली की पालघर, नंदुरबार, मेळघाटातील कुटुंबे वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीवर, शहरांच्या बांधकामांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव, वजन आणि वाढीचा तक्ता पाड्यावरच्या अंगणवाडीत राहतो. मूल दुसऱ्या जिल्ह्यात भट्टीच्या धुरात वाढत असते. त्याची नोंद मुक्कामाच्या गावी कळविण्याची संगणकीय व्यवस्था राज्याने अलीकडे सुरू केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण भट्टी गावाच्या शिवेबाहेर, नदीकाठी असते, आणि जवळची अंगणवाडी दोन-तीन मैलांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या हुकुमाप्रमाणे, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत तेथे अंगणवाडी उघडली पाहिजे. एका काठाने लागोपाठ असलेल्या भट्ट्यांवर चाळीस मुले सहज भरतील. मागणीचा अर्ज मात्र आल्या आल्या, मार्गशीर्षातच गुदरावा लागेल, कारण तीन महिन्यांची मुदत पुरी होते तोवर फाल्गुन सरत आलेला असतो, आणि भट्टीचा हंगाम जेमतेम पाऊस येईपर्यंतचा.